अण्णांच्या शब्दांची डिस्क

अण्णा माझे चुलत काका. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. प्राथमिक शाळेत शिकवत असतानाच, २००४ च्या सुमारास, त्यांनी आसपासच्या गावांतल्या बोलीतले शब्द जमवायला सुरुवात केली. तरवा, दाढ, कवळ, भाजावळ, इरलं, साकव, व्हाळ असे रोजच्या तोंडातले शब्द, त्यांच्या जोडीला म्हणी, कोडी आणि जात्यावरच्या ओव्या. प्रत्येक नोंदीत अर्थ, वापराचं एखादं वाक्य, आणि तो शब्द कोणाकडून, कोणत्या वाडीत ऐकला हे लिहिलेलं. आधी पुठ्ठ्याच्या वहीत, मग संगणकावर. निवृत्त झाल्यावर हेच त्यांचं दिवसभराचं काम झालं. २०२२ च्या जूनपर्यंत सुमारे ११ हजार नोंदी, म्हाताऱ्या बायांच्या आवाजातल्या ओव्यांच्या १४३ फायली आणि काही हजार फोटो, एवढं सगळं एका ५०० जीबीच्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत म्हणजे २०१६ सालचा एक पेनड्राइव्ह. त्यापुढच्या सहा वर्षांचं काम फक्त त्या डिस्कवर.

ती डिस्क बिघडली, आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं घरच्या घरी परत मिळालं. त्याची ही हकीकत. अशा दहा-बारा वर्षांच्या डिस्क अजून कित्येक घरांत, शाळांत, वाचनालयांत चालू आहेत. त्या बिघडल्यावर पहिल्या दोन दिवसांत कोणी काय केलं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून जे चुकलं तेही लिहिते आहे.

लाईट गेली तेव्हा

मृगाचा पाऊस. शनिवारी संध्याकाळी तासाभरात तीनदा लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली, तो नुसता प्लग लावायची पेटी म्हणून उरला होता. तिसऱ्यांदा लाईट आल्यावर संगणक सुरू झाला, पण विंडोजच्या आधीच निळ्या पडद्यावर 'डी ड्राइव्ह तपासतो आहे' असा मजकूर आला आणि आकडा १२ टक्क्यांवर अडकला. अण्णांनी तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी विंडोज उघडलं. डी ड्राइव्हवर क्लिक केलं तर तो वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, असा प्रश्न आला.

इथे अण्णांनी एक फार मोठी गोष्ट बरोबर केली: 'नाही' म्हटलं. मग तालुक्याच्या गावातून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने तीच तपासणी करणारं चेकडिस्क पुन्हा चालवून पाहिलं, या वेळी खराब सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे बारीक कप्पे) शोधून दुरुस्त करण्याच्या पर्यायासह. ते काही तास चाललं आणि मास्टर फाइल टेबल, म्हणजे फायलींची अनुक्रमणिका, बिघडल्याचं सांगून बंद पडलं. मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, मग एखाद्या सॉफ्टवेअरने डेटा निघतो का बघू." हेतू चांगलाच होता. दुकानात येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना संगणक चालू झालेला हवा असतो, आतलं काही नको असतं. त्या सवयीने तो बोलला.

सोमवारी सकाळी अण्णांचा फोन आला. "अगो, फॉरमॅट करू म्हणतोय. करू काय?"

"अण्णा, आधी बटण बंद करा. भिंतीवरचा प्लग काढा. मी येईपर्यंत त्याला हात लावू नका."

मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते. डेटा परत मिळवणं हा माझा व्यवसाय नाही. याआधी ओळखीतल्या दोन डिस्क वाचवल्या होत्या आणि कॉलेजात असताना स्वतःची एक गमावली होती, ती अशाच दुरुस्तीच्या प्रयत्नात. त्यामुळे फोनवर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती चेकडिस्कची.

त्याचं कारण असं. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती त्याची 'प्रलंबित' म्हणून नोंद ठेवते. आतला मजकूर अजून कदाचित तिथेच असतो. दहाव्या किंवा पन्नासाव्या प्रयत्नात तो वाचताही येतो. पण त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, तर डिस्क एकतर तीच जागा पुन्हा वापरते किंवा ती कायमची सोडून राखीव सेक्टर वापरते, आणि जुना मजकूर गेला तो गेला. चेकडिस्क हे फाइल व्यवस्था सुसंगत करण्याचं साधन आहे. तुटकी नोंद दिसली की ती काढून टाकायची, मालक नसलेले तुकडे दिसले की ते एका वेगळ्या फोल्डरात क्रमांक देऊन टाकायचे, हे त्याचं काम. धडधाकट डिस्कवर ते योग्यच आहे. आजारी डिस्कवर तेच काम म्हणजे मूळ हस्तलिखितावर खोडरबर चालवणं.

घरी की प्रयोगशाळेत

हा निर्णय डिस्क हातात येण्याआधीच घ्यायचा होता, म्हणून फोनवरच चौकशी केली. डिस्क कधी पडली होती का? पाणी गेलं होतं का? जळका वास आला का? संगणक चालू असताना आवाज कसा होता?

"फिरल्याचा आवाज नेहमीसारखा येतो. मधेच गप्प होते, बारीक टिक करते, मग परत चालू."

"एकसारखं टक्-टक्-टक् असं?"

"तसं नाही."

या उत्तराने मला घरी प्रयत्न करायचा धीर दिला. एकसारखी टकटक म्हणजे वाचणारं हेड आपली जागाच शोधू शकत नाही, ते पुन्हा पुन्हा टोकाला जाऊन परत येतं. अशा डिस्कला एकदाही वीज देऊ नये. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. तुटकं हेड तबकडीवर घासलं तर मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने चुंबकीय थर खरवडला जातो, आणि मग प्रयोगशाळेलाही काही करता येत नाही. पडलेली, भिजलेली, न फिरणारी किंवा टकटकणारी डिस्क असेल तर ती थेट धूळमुक्त कक्ष असलेल्या ठिकाणी द्यावी. खर्च दहा हजारांच्या पुढे सहज जातो, पण त्याला घरगुती पर्याय नाही.

शेजारच्या एकाने डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. त्याने तसं व्हिडिओत पाहिलं होतं. कोकणातल्या जूनमध्ये फ्रीजरमधून काढलेल्या थंड धातूवर पाच मिनिटांत दव धरेल, तेही आत तबकडीवर. नवीन सर्किट बोर्ड मागवून बदलावा असाही एक सल्ला आला. गेल्या वीसेक वर्षांतल्या डिस्कमध्ये त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची जुळणीची माहिती असते, त्यामुळे दिसायला सारखा बोर्ड लावून सहसा काही होत नाही. शिवाय इथे बोर्ड बिघडल्याचं एकही लक्षण नव्हतं.

कुरिअरने डिस्क मागवायला माझं मन धजेना. बुधवारी मी कुंभार्ली घाटाने चिपळूणला आणि तिथून वाडीवर गेले. स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, वर काकूंच्या जुन्या सुती पातळाच्या चार घड्या. परतीच्या एसटीत ती मांडीवरच होती. अण्णांनी निघताना पिशवीकडे बोट करून विचारलं, "किती मिळेल?" मी म्हटलं, "बघितल्याशिवाय सांगत नाही." खोटा धीर द्यायला मला जमलं नसतं, आणि त्यांनाही तो नको होता.

आधी प्रत

पुण्यात आल्यावर डिस्क रात्रभर तशीच ठेवली, आतली दमट हवा आणि खोलीचं तापमान जुळावं म्हणून. तेवढ्यात २ टीबीची नवी डिस्क आणली. ५०० ची प्रत घ्यायला ५०० पुरत नाही. मला दोन प्रती लागणार होत्या: एक जशीच्या तशी जपून ठेवायची आणि दुसरी कापाकापी करायला.

जोडणी माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या आतल्या साटा केबलवर, म्हणजे डिस्क थेट मदरबोर्डला जोडणाऱ्या तारेवर, केली. यूएसबीचं अ‍ॅडॉप्टर हाताशी होतं, सोयीचंही होतं, पण मुद्दाम टाळलं. वाचनात चूक आली की ही स्वस्त अ‍ॅडॉप्टर बरेचदा अडकून बसतात आणि डिस्क मधेच गायब होते. (बाहेरून लावायच्या काही पोर्टेबल डिस्कना साटाची खाचच नसते, यूएसबी थेट बोर्डावर असतं, काहींत तर मजकूर त्या बोर्डातच कूटबद्ध होतो. त्या पेटीतून काढून काही उपयोग नसतो.)

विंडोज अजिबात सुरू करायचं नव्हतं. डिस्क दिसताक्षणी ते ती उघडायला जातं, तपासायला जातं, थोडंफार लिहितंही. म्हणून पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स (विंडोजला पर्यायी प्रणाली) चालवलं. त्यात लागणारी सगळी साधनं असतात आणि सांगितल्याशिवाय ते कुठलीही डिस्क उघडत नाही.

पहिलं काम डिस्कची स्वतःबद्दलची माहिती वाचणं. त्यासाठी स्मार्टसीटीएल. बदललेल्या सेक्टरांची संख्या, म्हणजे क्रमांक ५ ची ओळ, ३१२. प्रलंबित, क्रमांक १९७, १,८८४. क्रमांक १९९, जो केबल खराब असेल तर वाढतो, शून्य. म्हणजे दोष केबलचा नव्हता, तबकडीवरचाच होता. डिस्क २१ हजार तासांहून जास्त चाललेली. वीज गेल्याने डिस्क मेली असं सगळे म्हणत होते, मला ते अर्धंच खरं वाटतं. वीज जाते तेव्हा आधुनिक डिस्क तबकडीच्या उरलेल्या फिरण्यावर हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवते. पण लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर तो सेक्टर चुकीच्या तपासणी आकड्यासह उरतो. इथे आधीच म्हातारी झालेली डिस्क होती, वीज जाण्याने ते उघड झालं.

मग डीडीरेस्क्यू. हे मोफत साधन अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं आहे, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. साधी कॉपी खराब जागी अडकते आणि तिथेच डिस्कला झिजवत बसते. डीडीरेस्क्यू उलट विचार करतं. जे सहज मिळतं ते आधी घ्या, अडलं की उडी मारून पुढे जा, कुठे कुठे उडी मारली ते एका नकाशा फायलीत लिहून ठेवा, आणि सगळं सोपं घेऊन झाल्यावर मागे वळा. मग प्रत्येक खराब पट्ट्याच्या दोन्ही कडा कुरतडत आत जायचं, आणि शेवटी उरलेलं एक-एक सेक्टर करून खरवडायचं. ती नकाशा फाइल म्हणजे अर्धं काम. लाईट गेली, डिस्क बंद पडली, तुम्ही स्वतः थांबवलं, काहीही झालं तरी पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू होतं.

आज्ञा देण्याआधी मी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक कागदावर लिहिले, डिस्कवर चिकटपट्टी लावून 'जुनी' आणि 'नवी' लिहिलं, पडद्यावरच्या नावांशी दोनदा ताडून पाहिलं. उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क अण्णांच्या डिस्कवर लिहिली जाते. या सगळ्या प्रकारात परत न फिरवता येणारी चूक तीच. नकाशा फाइलही नव्या डिस्कवरच ठेवली, पेनड्राइव्हवरचं लिनक्स बंद झालं की त्याच्या तात्पुरत्या जागेतलं सगळं पुसलं जातं.

पहिल्या फेरीत खरवडणं बंद ठेवलं. सुरुवात झाली आणि आकडे पळू लागले: सेकंदाला १०० एमबीच्या आसपास. वीस-पंचवीस मिनिटांत ३० टक्के. मग डिस्कने ती टिक केली, वेग एकदम ४० केबीवर आला. तापमान ४६ अंश. मी थोडा वेळ बघितलं, उड्या मारूनही खराब पट्टा संपेना. तेव्हा थांबवलं, वीज बंद केली, डिस्क तासभर थंड होऊ दिली, समोर टेबलफॅन लावला आणि उलट दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, वाचायला सांगितलं. आतल्या बाजूच्या वर्तुळांवर वेग कमी असतो, तरी दोन तासांच्या आत ३३ टक्क्यांपर्यंतचं सगळं मागून गोळा झालं.

त्या रात्री मला झोप लागली. ९८ टक्के डिस्क नव्या जागी सुरक्षित होती, आणि मूळ डिस्कला त्यासाठी जेमतेम एकदाच वाचावं लागलं होतं.

उरलेला दहा जीबीचा पट्टा घ्यायला तीन रात्री लागल्या. चार तास चालवायचं, दोन तास विश्रांती. एक-एक खराब सेक्टर वाचताना डिस्क आपली आपण कित्येक सेकंद प्रयत्न करत राहते, म्हणून हजार-दोन हजार सेक्टर म्हणजे तासचे तास. आवाज बदलला तर त्या क्षणी थांबायचं आणि प्रयोगशाळा गाठायची, हे मी स्वतःला आधीच बजावलं होतं. आवाज बदलला नाही. रोज रात्री नऊला अण्णांचा फोन यायचा आणि मी त्यांना एकच आकडा सांगायचे. शेवटचा आकडा: न वाचता आलेले ३,७०० सेक्टर, ५१२ बाइटांच्या हिशेबाने दोन एमबीपेक्षाही कमी. आणखी तीन फेऱ्या केल्या, त्यांत सहा सेक्टर मिळाले. तिथे मी थांबले. मूळ डिस्क काढून पातळात गुंडाळून कपाटात ठेवली. त्यानंतर तिला पुन्हा वीज दिलेली नाही.

मग शोध

५०० जीबीत दोन एमबी म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ते दोन एमबी कुठे आहेत, यावर सगळं अवलंबून.

अण्णांच्या डिस्कचे दोन भाग होते. सी सुमारे १५० जीबी, उरलेला डी. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल व्यवस्थेत, प्रत्येक फाइलचं नाव, तारीख आणि तिचे तुकडे कुठे आहेत हे एका तक्त्यात असतं, तो मास्टर फाइल टेबल. विंडोज भाग तयार करतं तेव्हा हा तक्ता बहुधा त्या भागाच्या सुरुवातीपासून ३ जीबी अंतरावर ठेवतं. १५० अधिक ३, म्हणजे १५३ जीबी. आणि आमचा खराब पट्टा नेमका १५३ च्या आसपास सुरू होत होता. डी ड्राइव्हची अनुक्रमणिकाच फाटली होती, पानं बहुतेक शाबूत होती.

दुसऱ्या प्रतीवर टेस्टडिस्क हे डिस्कचे बिघडलेले भाग जुळवणारं साधन चालवलं. तक्त्याच्या पहिल्या चार नोंदींची एक नक्कल विंडोज वेगळ्या जागी ठेवतं, ती सुदैवाने चांगली होती. तिच्यावरून तक्त्याचा आरंभ जुळवला आणि डी ड्राइव्हची यादी पडद्यावर आली. फोटोंचे फोल्डर आले. ओव्यांच्या १४३ पैकी १३९ फायली नावासकट आल्या. पण ज्या फोल्डरात शब्दसंग्रह होता, तो रिकामा दिसत होता. त्याच्या शेजारी चेकडिस्कने तयार केलेला फोल्डर, आत क्रमांक दिलेल्या ६१ फायली.

त्या ६१ तशाच उघडत नाहीत, त्यांच्या नावाचं शेपूट (एक्स्टेंशन) बदलावं लागतं. फाइल कशाची आहे ते तिच्या पहिल्या काही बाइटांवरून कळतं. जुन्या वर्डची फाइल ज्या बाइटांनी सुरू होते ते सोळाच्या पद्धतीत लिहिले तर रोमन लिपीत चक्क 'डॉकफाइल' असं वाचता येतं. ६१ पैकी ३८ मध्ये ती खूण सापडली. उरलेल्या फायलींसाठी फोटोरेक वापरलं. नावात फोटो असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फायली ओळखतं. तक्त्याकडे न बघता ते सलग डिस्क वाचत जातं आणि खुणेवरून फायली उपसतं. त्याने वर्डच्या १,१०० हून जास्त फायली काढल्या, नावं म्हणजे नुसते सेक्टरचे क्रमांक.

आता खरी अडचण. अण्णांनी प्रत्येक अक्षराची एक फाइल केली होती. 'क' ची फाइल इतक्या वर्षांत शेकडो वेळा जतन झालेली, आणि दर वेळी वर्डने मागे टाकलेल्या जुन्या, तात्पुरत्या प्रती डिस्कवर पडून होत्या. त्यांतली शेवटची कोणती? वर्डच्या फायलीच्या पोटात शेवटच्या बदलाची तारीख असते, ती एक्झिफटूलने सगळ्यांची काढली. निम्म्या फायलींवर तारीख होती १ जानेवारी २००९.

मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लाईट गेली की घड्याळ मागे जातं ना." मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी कित्येक वर्षांपूर्वी संपली होती. लाईट गेली की संगणक त्याच्या जन्मतारखेला परत जायचा आणि अण्णा, घड्याळाकडे न बघता, पुढचे शब्द लिहायचे.

तारीख निकामी झाल्यावर पोटातला दुसरा आकडा उपयोगी पडला: फाइल आतापर्यंत किती वेळा जतन झाली. तो घड्याळावर अवलंबून नसतो, वाढतच जातो. त्या आकड्याने लावल्यावर प्रत्येक अक्षराची सगळ्यात पुढची प्रत आपोआप वर आली.

अक्षरं दिसेनात

फाइल उघडली तर आत टोपीवाली, टिंबवाली रोमन अक्षरं, पाउंड आणि येनच्या खुणा. क्षणभर पोटात गोळा आला, मग हसू आलं. अण्णा सीडॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला योगेश फाँट वापरायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा तेच होतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत, रुळण्याआधीच्या त्या फाँटात 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. साठवलेलं असतं कुठलं तरी रोमन चिन्ह, आणि फाँट त्याच्या जागी देवनागरी आकार काढतो. फाँट नसेल तर मजकूर असूनही मराठी दिसत नाही. फाँटची फाइल सी ड्राइव्हवर होती, म्हणजे खराब पट्ट्याच्या बाहेर. ती प्रतीमधून काढून बसवली आणि पडद्यावर 'इरलं' उमटलं.

याच गोष्टीने पुढे एक दार उघडलं. फोटोरेक सलग फाइल धरून चालतं. जी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरली आहे, ती त्याच्या हाती मोडकी लागते. 'प' ची फाइल तशीच झाली, शेवटच्या प्रतीतला मोठा तुकडा कुठेच नव्हता. मग मी २०१६ च्या पेनड्राइव्हवरची चांगली फाइल घेऊन पाहिलं, की अण्णांच्या प्रत्येक नोंदीत येणारं 'ऐकलं:' हे शीर्षक डिस्कवर कोणत्या बाइटांत साठतं. जुन्या फाँटमुळे प्रत्येक चिन्हाला एकच बाइट, सलग ओळ. ती बाइटांची ओळ मी अख्ख्या ५०० जीबीच्या प्रतीत शोधली. जिथे जिथे ती दाटीने सापडली, तिथला मजकूर उचलला, फाइल म्हणून काही नसलं तरी. अशा उचललेल्या पट्ट्यांतून 'प' च्या ७० नोंदी मिळाल्या. ज्या जुन्या फाँटला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, त्याने या एका कामात मदत केली.

(हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कवर शक्य आहे. एसएसडीवर पुसलेल्या जुन्या प्रती अशा पडून राहत नाहीत. विंडोज पुसलेल्या जागेची खबर लगेच देतं आणि एसएसडी ती जागा आपली आपण रिकामी करते.)

काय मिळालं, काय गेलं

ओव्यांच्या उरलेल्या चार फायलींपैकी तीन फोटोरेकने काढल्या, एक सापडलीच नाही. जी सापडली नाही ती सुदैवाने २०१६ च्या पेनड्राइव्हवर होती. तीनपैकी एकीत मधेच दीड सेकंदाची पोकळी आहे. २४ सलग सेक्टर वाचता आले नाहीत, तेवढीच. एमपीथ्रीत ध्वनी लहान लहान चौकटींत असतो, त्यामुळे पोकळीनंतर आवाज आपोआप सावरतो. ती ओवी गाणाऱ्या आजी २०१९ मध्ये वारल्या. ओळीतला एक शब्द गेला आहे. अण्णांना तो पाठ आहे, त्यांनी तो वहीत लिहून ठेवला, ध्वनिफितीत मी काही भरलं नाही.

सुमारे ४० फोटोंचा खालचा भाग राखाडी झाला. शब्दसंग्रहात 'प' सोडून बाकी सगळी अक्षरं शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या प्रतीपर्यंत मिळाली. 'प' मध्ये सगळी जोडाजोड करूनही २०० च्या आसपास नोंदी कमी भरल्या. चेकडिस्क चाललं नसतं तर त्या मिळाल्या असत्या का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. 'प' च्या फायलीची तक्त्यातली नोंद खराब सेक्टरमध्ये होती की दुरुस्तीत पुसली गेली, हे आता ठरवता येत नाही. पण चेकडिस्कने जो फोल्डर तयार केला तो जपला गेला होता, आणि त्यातल्या ३८ फायली कामी आल्या, हेही खरं.

आता संग्रहाच्या तीन प्रती आहेत: अण्णांकडे नव्या संगणकावर, त्यांच्या कपाटात एका बाहेरच्या डिस्कवर, आणि पुण्यात माझ्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला काकू त्यांना आठवण करतात. मदरबोर्डची बॅटरी आणि यूपीएसची बॅटरी दोन्ही बदलल्या.

मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं काम अजून चालू आहे. रूपांतर करणारं साधन बहुतेक नीट करतं, पण पहिली वेलांटी आणि र यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. गेल्या आठवड्यात अण्णा 'प' च्या हरवलेल्या नोंदी पुठ्ठ्याच्या वह्यांवरून मला फोनवर सांगत होते आणि मी टाइप करत होते.

"पऱ्या. घाल. डोंगरातून येणारा लहान ओढा. व्हाळापेक्षा धाकटा. पावसात भरतो."

"घातला."

"वाचून दाखव."

मी वाचला.

"तसा नको. अक्षर कसं लिहिलंस ते सांग. र वर गेलाय की पुढे वाकलाय? वर गेला तर तो पर्या झाला, आणि आमच्या वाडीत पर्या म्हणून काही वाहत नाही."

मी पडद्यावर पाहिलं. रफार वर बसला होता. खोडून पुन्हा लिहिला.